रंग चढतो, पण फळ धरत नाही: पराग तपासताना पुन्हा पुन्हा होणारी गडबड

बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यापासून दर वर्षी जानेवारी ते मे या काळात माझ्याकडे तीन तक्रारी येतात. पहिली: "स्लाइडवर सगळे कण लाल दिसले, मग फळं का धरली नाहीत?" दुसरी: "साखरेच्या पाण्यात टाकले, एकालाही नळी आली नाही." तिसरी: "दहा मिनिटांत सगळे कण फुटले." (नळी म्हणजे परागनलिका, रुजलेल्या परागकणातून निघून बीजांडापर्यंत जाणारी.) विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे प्रकल्प करणारी मुलं. दुसरे संकेश्वर, हुक्केरी, निपाणी भागात मिरची-टोमॅटोच्या संकरित बियाण्याचे प्लॉट घेणारे शेतकरी. प्रश्न मात्र दोघांचा एकच: पराग जिवंत आहे की नाही, हे खात्रीने कसं कळायचं?

पहिल्या तक्रारीत मी स्वतः चुकले आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

माझ्या मामेभावाने हुक्केरी तालुक्यात शेडनेटमध्ये संकरित मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता. या कामाची रीत अशी की उद्या उमलणारी मादी वाणाची कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कुक्षीला, म्हणजे मादी भागाच्या टोकाला, नर वाणाचा पराग लावायचा. गावातल्या दहा-बारा बायका हे काम करायच्या. बोटात पराग भरलेली अंगठी घालून एकेका फुलाची कुक्षी त्यात बुडवायची, दिवसाला शेकडो फुलं. फेब्रुवारी संपता संपता फळधारणा घसरली. भावाने परागाची डबी माझ्याकडे पाठवली. मी ॲसेटोकार्मिन या लाल रंगद्रावणाचा थेंब टाकून पाहिलं, जवळजवळ सगळे कण लालभडक. "पराग उत्तम आहे," असं मी फोनवर सांगितलं. पराग उत्तम म्हटल्यावर दोष कुणाचा उरला? लावणाऱ्या हातांचा. बियाणं घेणाऱ्यांच्या माणसाने तसं बोलूनही दाखवलं आणि दोन बायकांना कामावरून कमी करायची गोष्ट निघाली.

आठवड्याने भावाचा पुन्हा फोन आला. "अक्का, पराग चांगला हाय म्हणून तूच सांगितलीस न्हवं? मग आता मी स्वतः लावलेली फुलंबी का गळाल्यात?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा जे करायला हवं होतं ते केलं. त्याच डबीतला थोडा पराग ओव्हनमध्ये ८० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवला. दोन तासांनी त्यातलं काही जिवंत राहणं शक्य नव्हतं. त्यावर तोच कार्मिनचा थेंब टाकला. हे कणही लालभडक झाले. माझी तपासणी जिवंत आणि मेलेला यात फरकच करत नव्हती, आणि तिच्या भरवशावर मी बायकांच्या हातांवर दोष येऊ दिला होता.

आधी थोडा पराग मुद्दाम मारा

कोणतीही परीक्षा करा, नमुन्याचे दोन भाग करा. एक भाग तसाच ठेवा, दुसरा वर सांगितल्याप्रमाणे उष्णतेने मारा. ओव्हन नसेल तर कोरड्या काचेच्या छोट्या बाटलीत पराग घालून बूच घट्ट लावा आणि बाटली अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. आत पाणी जाऊ देऊ नका. मग दोन्ही भाग एकाच वेळी, एकाच द्रावणात, शेजारी शेजारी तपासा.

मेलेला पराग जिवंताइतकाच रंगला, तर ती परीक्षा तुमच्या पिकासाठी जिवंतपणाची परीक्षा नाही. मेलेल्यात शंभरातले आठ-दहा रंगले, तर जिवंत नमुन्यातलेही तेवढे कण संशयाचे धरा. मेलेल्यात एकही रंगला नाही आणि ताज्या फुलातला पराग भरपूर रंगला, तरच आकड्यावर विश्वास ठेवा. यात एक वाक्य महत्त्वाचं आहे: ताज्या फुलातला पराग. डबीतल्या परागासोबत त्याच सकाळी उमललेल्या फुलाचा पराग तपासायलाच हवा. नाहीतर शून्य आल्यावर दोष परागाचा की द्रावणाचा, हे कधीच कळत नाही. एका बाजूला मुद्दाम मारलेला, दुसऱ्या बाजूला अगदी ताजा आणि मधे तुमचा संशयित नमुना, अशा तीन स्लाइड लागतात. मुलांना मी आता या तिन्हींशिवाय वहीत आकडा लिहू देत नाही.

कोणता रंग नेमकं काय सांगतो

कार्मिन ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये उकळून गाळलेला असतो. त्या ॲसिडात पडलेला कण जिवंत असला तरी तिथेच मरतो. रंग फक्त एवढं दाखवतो की कणात केंद्रक आणि पेशीद्रव भरलेलं आहे, कण पोकळ नाही. ही माहिती खोटी नाही, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

अलेक्झांडर या संशोधकाने १९६९ साली दिलेल्या रंगाचंही तसंच. त्यातलं मॅलॅकाइट ग्रीन कणाच्या भिंतीला हिरवं करतं, ॲसिड फुक्सिन आतल्या जीवद्रव्याला किरमिजी करतं. पोकळ, वाढ खुंटलेला कण नुसता हिरवा दिसतो, भरलेला किरमिजी. नरवंध्य, म्हणजे ज्याचा पराग वांझ असतो असा वाण ओळखायचा आहे, दोन जातींच्या संकरातल्या झाडाची सुपीकता पाहायची आहे किंवा कळी लहान असताना उन्हाने पराग घडलाच नाही अशी शंका आहे, तर या रंगाइतकं स्पष्ट दुसरं काही नाही. पण काल चांगला असलेला आणि रात्री डबीत मेलेला कण यालाही किरमिजीच दिसतो. मूळ कृतीत फिनॉल आणि क्लोरल हायड्रेट आहे. ही रसायनं टाळणारी, २०१० साली प्रसिद्ध झालेली सोपी कृती वापरली तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत जीव धोक्यात घालावा लागत नाही.

आयोडीनचा वापर आमच्याकडे सर्रास होतो, कारण ते प्रत्येक प्रयोगशाळेत असतं. पोटॅशियम आयोडाइडमधलं आयोडीन स्टार्चला निळं-काळं करतं. मका, ज्वारी, भात, ऊस या गवतवर्गातल्या पिकांच्या पक्व परागात स्टार्च भरलेला असतो, तिथे ही परीक्षा चालते. उसाच्या तुऱ्यातला पराग सुपीक आहे की वांझ, हे पैदासकार अशीच पारख करून ठरवतात आणि त्यावरून कोणता वाण नर म्हणून घ्यायचा ते पाहतात. पण टोमॅटोच्या परागात स्टार्च सर्वांत जास्त असतो तो फूल उमलण्याच्या दोन-तीन दिवस आधी. उमलेपर्यंत त्याची साखर झालेली असते. म्हणजे टोमॅटोचा पूर्ण पक्व, निरोगी कण आयोडीनमध्ये काळा होत नाही आणि अर्धवट तयार कळीतला होतो. एका मुलीने अख्खा प्रकल्प असा उलट्या निष्कर्षावर लिहून आणला होता. तिची मेहनत प्रामाणिक होती. कोणत्या पिकाला कोणती परीक्षा, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

टीटीसी, म्हणजे ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइड, जिवंतपणाच्या जवळ जातं. जिवंत कणातली डिहायड्रोजनेज विकरं (एन्झाइम) या रंगहीन क्षाराचं लाल फॉर्मझान बनवतात. साखरेच्या द्रावणात १ टक्का टीटीसी, वर कव्हर स्लिप, अंधारात आणि उबेला तास-दोन तास. इथल्या चुका ठरलेल्या आहेत. द्रावण उजेडात राहिलं तर आपसूक गुलाबी होतं. तसं झालेलं फेकून द्या. कव्हर स्लिपच्या कडेला आणि बुडबुड्यांजवळ प्राणवायू पोचतो आणि तिथले कण फिके राहतात, म्हणून मोजणी मधल्या भागात करा. फिकट गुलाबी धरायचा की नाही, हा वाद मेलेल्या परागाच्या स्लाइडकडे बघून मिटवा. काही पिकांत मेलेले कणही थोडे रंगतात, काहींचा पराग मुळातच पिवळा-नारिंगी असतो. अशा पिकांत टीटीसीच्या मागे लागू नका.

एफडीए, म्हणजे फ्लुओरेसीन डायॲसिटेट, ही हेस्लॉप-हॅरिसन दांपत्याने १९७० साली मांडलेली परीक्षा मला सर्वांत भरवशाची वाटते. हे द्रव्य कणात शिरतं, आतली एस्टरेज विकरं त्याचं फ्लुओरेसीन करतात. कणाचं पटल, म्हणजे आतल्या पेशीभोवतीचा पातळ पडदा, शाबूत असेल तरच ते आत साठून निळ्या प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं, फाटकं असेल तर बाहेर झिरपतं. एकाच झटक्यात पटल आणि विकर दोन्हींची साक्ष मिळते. अडचण एवढीच की फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक लागतो. तो धारवाडसारख्या ठिकाणी कृषी विद्यापीठात मिळेल, तालुक्याच्या कॉलेजात सहसा नाही. एफडीए ॲसिटोनमध्ये विरघळवतात. वापरणाऱ्यांनी ते ॲसिटोन कोरडं, म्हणजे पाण्याचा अंश नसलेलं असल्याची खात्री करावी. ओल्या ॲसिटोनमध्ये साठवलेलं द्रावण बाटलीतच चमकू लागतं आणि मग सगळी पार्श्वभूमी हिरवी दिसते.

एकही नळी येत नाही

साध्या सूक्ष्मदर्शकावर, तालुक्याच्या कॉलेजात किंवा अगदी घरी करता येण्यासारखी खरी परीक्षा म्हणजे पराग रुजवून बघणं. कणातून नळी निघाली तर तो जिवंत, याला पुरावा लागत नाही. उलट मात्र खरं नाही: नळी निघाली नाही म्हणून कण मेला असं म्हणता येत नाही, कारण द्रावण चुकलेलं असू शकतं. त्यामुळे इथली गडबड सर्वांत जास्त आणि सुटण्यासारखीही आहे.

द्रावण ब्रूबेकर आणि क्वाक या संशोधकांचं, १९६३ सालचं. १०० मिली पाण्यात साखर १० ग्रॅम, बोरिक ॲसिड १० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १० मिलिग्रॅम. यातलं कॅल्शियम कुठून आलं, ती गोष्ट मला फार आवडते. स्लाइडवर थोडेच कण टाकले तर ते रुजत नाहीत, दाटीने टाकले तर रुजतात, हे संशोधकांना माहीत होतं. जणू कण एकमेकांना सोबत मागतात. ती सोबत म्हणजे कणांतून पाण्यात झिरपणारं कॅल्शियम होतं. ते द्रावणात वरून घातलं की एकटे कणही रुजू लागले. हवाई विद्यापीठातले हे ब्रूबेकर पुढे सुबाभळीवरच्या कामासाठीही ओळखले गेले.

शून्य आलं की मी या क्रमाने विचारते.

पाणी कुठलं घेतलं? राकसकोप जलाशयातून येणारं नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, बोअरचं जड असतं. डिस्टिल्ड वॉटरच हवं.

कॅल्शियम नायट्रेटची बाटली कशी आहे? हा क्षार हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात बूच सैल राहिलं की बाटलीत चिखल होतो, आणि तो चिखल वजन करून घातला की कॅल्शियम कमी आणि पाणी जास्त जातं. आमच्या प्रयोगशाळेत एका जुलैपासून पुढचे सगळे प्रयोग फसत होते, त्याचं कारण हेच निघालं. नवी बाटली उघडल्या दिवशी नळ्या दिसल्या. पैसे वाचवायला खताचं कॅल्शियम नायट्रेट वापरू नका, त्यात अमोनियमही असतं. बोरिक ॲसिडच्या जागी बोरॅक्सही नको.

वजन कशावर केलं? दहा मिलिग्रॅम मोजू शकणारा काटा सगळीकडे नसतो. म्हणून क्षारांचं दहापट तीव्र द्रावण करून ठेवा, आणि १०० मिली करताना त्यातलं १० मिली घ्या. त्याहून फार तीव्र करायचं असेल तर कॅल्शियम वेगळ्या बाटलीत ठेवा, नाहीतर मॅग्नेशियम सल्फेटशी मिळून तळाला जिप्समचा गाळ बसतो. साखर मात्र रोज ताजी घाला. साखर घातलेलं द्रावण दोन दिवसांत बुरशी धरतं आणि बुरशीचे धागे अननुभवी डोळ्याला परागनलिकाच वाटतात. बुरशीचा धागा कणाच्या छिद्रातून निघत नाही, त्याला फांद्या फुटतात, आडवे पडदे असतात. शून्याच्या जागी ऐंशी टक्के आले म्हणून आनंदलेल्या मुलाला हे सांगताना वाईट वाटतं, पण सांगावं लागतं.

पराग कधी गोळा केला? मिरचीचं फूल सकाळी उमलतं, पण निळसर परागकोश उभे चिरून पराग मोकळा व्हायला ऊन थोडं चढावं लागतं. फार पहाटे तोडलेलं फूल अर्धवट असतं, दुपारचं करपलेलं.

पीक कोणतं? मिरची, टोमॅटो, तंबाखू, वांगी ही एका कुळातली, त्यांचा कण द्विकेंद्रकी. तो टिकाऊ असतो आणि द्रावणात सहज रुजतो. गवतवर्ग, सूर्यफुलाचं कूळ आणि मोहरीचं कूळ यांचे कण त्रिकेंद्रकी, अल्पायुषी आणि द्रावणात हट्टी. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातलं बासमती भात बसने कॉलेजात आणून त्याचा पराग रुजवायचा म्हटलं तर ते होणं नाही. भाताचा कण परागकोशाबाहेर आल्यावर काही मिनिटांतच निकामी होतो. ओंबी देठासकट पाण्यात उभी करून आणा आणि फूल उघडतं त्या क्षणी पराग द्रावणावर पाडा. मक्याचा कण त्याहून बरा, पण तो वरच्या द्रावणात फुटतो. त्याला साखर १५ टक्के, बोरिक ॲसिड ०.०१ टक्के, कॅल्शियम नायट्रेट ०.०३ टक्के आणि थोडं अगर-अगर (जेलीसारखं गोठवणारी पूड) असं घट्ट माध्यम मानवतं. तो अर्ध्या तासातच नळी काढतो. दोन तासांनी बघायला गेलात तर पसारा दिसेल.

आणि तापमान. २५ ते २८ अंश सेल्सिअस हवं. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत ३५ असतं. पेट्री डिश स्टीलच्या डब्यात ठेवून डब्याला ओलं फडकं गुंडाळा, वारा लागेल असा सावलीत ठेवा. गारवा आणि ओल दोन्हीची सोय होते.

मिरची-टोमॅटोला दोन ते चार तास द्या. नळीची लांबी कणाच्या व्यासाएवढी किंवा जास्त असेल तरच रुजला म्हणायचं. नुसता फुगवटा धरू नका. मोजायला वेळ लागणार असेल तर ठरलेल्या वेळी कार्मिनचा थेंब टाका. वाढ तिथेच थांबते, नळ्याही स्पष्ट दिसतात. कार्मिनचा हा उपयोग मात्र चोख आहे.

सगळे कण फुटतात

कण फुटून आतला मगज बाहेर सांडलेला दिसतो. कारण बहुतेक वेळा दोनच. द्रावणात साखर कमी आहे, म्हणून पाणी जोराने आत शिरतं. किंवा कण फार कोरडा होता आणि एकदम पाण्यात पडला. कोरड्या कणाचं पटल घडी मोडलेल्या कापडासारखं असतं. ते सावकाश ओलावलं तर पूर्ववत होतं, एकदम भिजलं तर फाटतं.

पहिल्या कारणावर उपाय सोपा: साखर १०, १५ आणि २० टक्के अशी तीन द्रावणं करा आणि कुठे फुटणं थांबतं ते बघा. दुसऱ्यावर त्याहून सोपा: झाकणाच्या डबीत ओला टिपकागद घाला, त्याच्या वर कोरड्या काचेवर पराग पसरा, झाकण लावून अर्धा ते एक तास ठेवा, मग द्रावणात टाका. पराग कागदाला टेकू देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात हवा इतकी बदलते की हा एक तास कधी लागतो आणि कधी नाही, हे जागेवरून ठरवावं लागतं. अथणी, रायबागकडे मार्च-एप्रिलमधला पराग खडखडीत असतो, त्याला हा ओलावा हवाच. जुलैत जांबोटी-कणकुंबीकडे उलटी अडचण: परागकोशच फुटत नाहीत, पराग गुठळ्या होऊन येतो. तिथे परागकोश आधी सिलिका जेलवर (ओल शोषणाऱ्या खड्यांवर) किंवा दिव्याखाली वाळवावे लागतात. दिवा हातभर तरी उंच हवा आणि परागाशेजारी थर्मामीटर हवा. ३० अंशांच्या आसपास ठीक. दिवा जवळ नेऊन घाई केली की पराग भाजतो, आणि भाजलेला पराग दिसायला अगदी छान सुटसुटीत दिसतो.

ताजा पराग रुजतो, डबीतला रुजत नाही

भावाच्या प्लॉटवर नेमकं हेच होतं. तीन स्लाइड लावल्यावर ताज्या फुलातला पराग व्यवस्थित रुजला, डबीतला जवळजवळ नाहीच. म्हणजे झाडं चांगली होती, साठवण बिघडलेली होती. मी प्लॉटवर गेले तेव्हा कामाला असलेल्या एका वयस्क मावशींनी आपणहून सांगितलं, "बाई, सकाळी डबी उघडली की पराग दमट लागतोय बघा, अंगठीत चिकटून बसतोय. दुपारी मोकळा होतोय." त्यांच्या बोटांना ते कळलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

एकच मोठी डबी रोज सकाळी फ्रिजमधून काढायची, शेडनेटच्या दमट हवेत लगेच उघडायची, लागेल तेवढा पराग घ्यायचा, डबी परत फ्रिजमध्ये. गार डबी उघडली की हवेतली वाफ परागावर दव होऊन बसते. पराग भिजतो, जागा होतो आणि मग परत गारठतो. असं चार दिवस झालं की काही उरत नाही. त्यात रात्री लाईट गेली की फ्रिज कोमट होणार ते वेगळंच.

आता भाऊ पराग पूर्ण वाळवून एका दिवसाला पुरेल एवढ्या छोट्या कुप्यांत भरतो. सगळ्या कुप्या सिलिका जेल घातलेल्या हवाबंद बरणीत आणि बरणी फ्रीझरमध्ये, दारातल्या कप्प्यात नाही. सकाळी एक कुपी काढायची, ती बंदच ठेवून घरातल्या तापमानाला येऊ द्यायची, बाहेरचं दव पुसायचं, मग उघडायची. उरलेला पराग परत आत जात नाही. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की तव्यावर भाजून पुन्हा निळं करून घ्यायचं. चिमटे स्पिरिटमध्ये बुडवल्यावर पूर्ण वाळू द्यायचे, हेही त्यात आलं. ओल्या स्पिरिटचा थेंब कुक्षीला आणि परागाला दोघांनाही मारतो.

ताज्या फुलातलाही पराग रुजत नसेल, तर मागे बघा, आजच्या हवेकडे नाही. मिरची-टोमॅटोत पराग घडण्याचा नाजूक काळ फूल उमलण्याच्या साधारण आठवडा-दोन आठवडे आधी असतो. त्या दिवसांत ऊन तापलं असेल, रात्रीही उकाडा असेल, तर आज हवा कितीही छान असो, पराग पोकळ निघतो. इथे अलेक्झांडरचा रंग कामाला येतो. उमललेल्या फुलांवर बुरशीनाशकाची फवारणी झाली होती का, तेही विचारा. काही बुरशीनाशकं परागाचं रुजणं थेट अडवतात.

आणखी एक अवस्था आहे. पराग जिवंत असतो, एफडीएत चमकतो, पण दमलेला असतो. नळी उशिरा काढतो, आखूड काढतो आणि बीजांडापर्यंत पोचत नाही. के. आर. शिवण्णा, लिन्स्केन्स आणि क्रेस्टी या परागतज्ज्ञांनी १९९१ साली जिवंतपणा आणि जोम या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात असं मांडलं, ते याचसाठी. म्हणून किती कण रुजले याबरोबर किती वेळात रुजले आणि नळी किती वाढली, हेही लिहून ठेवा. एका तासाची आणि चार तासांची, अशा दोन नोंदी पुरतात.

मोजताना

शंभर कणांत ऐंशी रुजले तर खरा आकडा बहात्तर ते अठ्ठ्याऐंशी यांत कुठेही असू शकतो. चारशे मोजले तर शहात्तर ते चौऱ्याऐंशी. पण एकाच फुलाचे हजार कण मोजण्यापेक्षा पाच झाडांवरच्या पाच फुलांचे दोनशे-दोनशे वेगवेगळे मोजा, कारण फुलाफुलांत फरक जास्त असतो. सुंदर दिसणारा भाग शोधू नका. स्लाइड ठरावीक अंतराने सरकवा आणि समोर येईल ते मोजा. शक्य असेल तर कोणती स्लाइड कुठली आहे, हे मोजणाऱ्याला सांगू नका.

सूक्ष्मदर्शक नसेल तर

एकाच दिवशी, एकाच वयाची चाळीस मादी फुलं निवडा. वीस फुलांना डबीतला पराग लावा आणि देठाला लाल दोरा बांधा. वीस फुलांना त्याच सकाळी नर झाडावरून घेतलेला ताजा पराग लावा, पांढरा दोरा बांधा. एकाच माणसाने, आलटून पालटून: एक लाल, एक पांढरा. आणखी पाच फुलांचे पुंकेसर काढा, पराग अजिबात लावू नका, पिवळा दोरा बांधा. तिथे फळ धरलं तर पुंकेसर काढण्यातच कसर आहे. आठ-दहा दिवसांत गळणारं गळतं, धरणारं धरतं. फळं पिकल्यावर दोन्ही दोऱ्यांची दहा-दहा फळं फोडून बिया मोजा, कारण थोड्या परागावरही फळ धरू शकतं, पण बिया कमी भरतात.

भावाच्या प्लॉटवर आम्ही हेच केलं. ज्या दोघींना कमी करायची गोष्ट निघाली होती, त्यांच्याच हातून दोन्ही प्रकारची फुलं लावून घेतली. दहाव्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याला बहुतेक फळं होती आणि लाल दोरे बरेचसे रिकाम्या देठांवर लोंबत होते. भावाने ते सगळ्यांना ओळीने फिरवून दाखवलं, बियाणं घेणाऱ्यांच्या माणसालाही. मी त्या दोघींची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी नेहमीच्या वेळेला कामावर होत्या आणि कुपी उघडण्याआधी तिच्यावरचं दव पुसायचं काम तेव्हापासून मावशींकडे आहे.